दाराशी थांबलेल्या माणसाचा वेळ

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या टिळकवाडीतील एका अपार्टमेंटच्या सभासदांच्या बैठकीला मी हजर होतो. विषय होता लिफ्टच्या दुरुस्तीचा, पण पाऊण तास चर्चा झाली ती जेवण, किराणा आणि पार्सल घरपोच आणणाऱ्या मुलांना टिप द्यावी की नाही, यावर. त्यांना लिफ्ट वापरू देऊ नये, असे एकाने सुचवले. त्यावर दुसरे एक गृहस्थ म्हणाले, ‘‘भर पावसात येतात हो ती पोरं, उलट दहा-वीस रुपये हातावर ठेवायला पाहिजेत.’’ बघता बघता दोन तट पडले. देणाऱ्याचे मन मोठे हवे, असे एका बाजूचे म्हणणे. मोबदला देणे हे कंपनीचे काम, त्याचा भार आपण का उचलावा, असा दुसऱ्या बाजूचा प्रश्न. दोन्हीकडची माणसे सज्जन होती आणि मनापासून बोलत होती. बैठक चालू असताना दोघांचे फोन वाजले, एक टिपच्या बाजूने बोलणाऱ्याचा आणि एक विरोधात बोलणाऱ्याचा. दोघांनीही ‘‘खाली थांब जरा, येतो’’ असे सांगून फोन ठेवला आणि आपला मुद्दा पुढे चालू केला.

हा वाद आपण चुकीच्या टोकाकडून सुरू करतो, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे. आपण आपल्या खिशाविषयी आणि आपल्या मनाच्या मोठेपणाविषयी बोलतो. खाली थांबलेल्या माणसाच्या वेळेचा विषय मात्र निघतच नाही. माझे मत आधीच मांडतो. ज्याला परवडते त्याने टिप द्यावी, लहानशी आणि ठरलेली द्यावी, काम झाल्यावर द्यावी, आणि देताना समोरच्याची भाषा, नम्रता किंवा वेग मोजू नये. परंतु त्याआधी, या माणसाकडून आपण रोज जे फुकट काढून घेतो, ते काढून घेणे थांबवावे. ही गोष्ट नोकरदाराला आणि पेन्शनवर जगणाऱ्याला सारखीच शक्य आहे, आणि शिष्टाचार म्हणून तिचा मान पहिला आहे.

‘फुकट काढून घेतो’ हे शब्द काहींना बोचतील, म्हणून हिशेब पाहू. या कामात महिन्याचा पगार नसतो. प्रत्येक ऑर्डरमागे साधारणपणे अंतराच्या हिशेबाने रक्कम मिळते आणि ठरावीक वेळात ठरावीक ऑर्डरी झाल्या, तर वर प्रोत्साहनाची थोडी भर पडते. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचे, झिजणारा टायर त्याचा आणि मोबाइलचा रिचार्जही त्याचाच. दुकानदाराचे भांडवल गल्ल्यात असते, शेतकऱ्याचे जमिनीत. या माणसाचे भांडवल म्हणजे संध्याकाळचे सात ते साडेदहा हे साडेतीन तास. हॉटेलच्या दारात, सिग्नलवर किंवा रेल्वे फाटकापाशी त्यातली जी मिनिटे जातात, ती वाचवणे आपल्या हातात नाही. आपल्या दाराशी जातात ती मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहेत. ओटीपी शोधायला लागणारी तीन मिनिटे, न उचललेल्या फोनमुळे गेलेली चार मिनिटे, ‘‘वर या’’ म्हणून चढायला लावलेले चार मजले, सुट्ट्या पैशांसाठी शेजाऱ्याचे ठोठावलेले दार, हे सगळे मिळून एखाद्या संध्याकाळी त्याची एक-दोन ऑर्डरींची कमाई जाते. त्याला दहा मिनिटे थांबवून हातावर दहा रुपये ठेवले, तर त्या व्यवहारात आपण काही दिले, की घेतलेल्यातले थोडे परत केले?

बेळगावात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती पत्त्याची आहे. आपले पत्ते ओळखीच्या माणसांसाठी लिहिलेले असतात. ‘पहिल्या गेटजवळ’ म्हटले की पहिले रेल्वे फाटक, हे टिळकवाडीतल्या माणसाला लगेच समजते. बैलहोंगलहून किंवा गोकाकहून येऊन सहा महिन्यांपूर्वी हे काम धरलेल्या माणसाला त्यातून काहीच समजत नाही. मारुती गल्ली शहरात आहे आणि अनगोळातही आहे. घरावर कोठे सिटी सर्व्हेचा (सीटीएस) नंबर, कोठे जुना म्युनिसिपालिटीचा नंबर, कोठे नुसते ‘आई’ किंवा ‘मातृछाया’ असे नाव. त्यातच नकाशावरची खूण आपण घाईत जवळपास कोठेतरी टेकवलेली असते. मग तो माणूस पावसात दुचाकी कडेला लावून, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल पुसत, तीन वेळा फोन करतो आणि आपण वैतागून म्हणतो, ‘‘एवढं साधं कळत नाही का?’’ एकदा नीट बसून खूण दाराशी आणली, ‘दत्त मंदिरासमोरील बोळ, डावीकडचे तिसरे घर, निळे गेट’ असे लिहून ठेवले आणि गेटवर दिवा लावला, तर त्याचा जेवढा वेळ वाचतो त्याची किंमत बहुतेकांच्या टिपपेक्षा जास्त भरेल. यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

आता विरोधी बाजूकडे वळतो. तिचे म्हणणे कंजूषपणा म्हणून झटकून टाकण्याजोगे नाही. सर्वांत वजनदार मुद्दा असा, की ग्राहकाने टिप दिली की मालकाला मोबदला कमी ठेवण्याची सोय होते. याला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेत यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने आपल्या रेल्वेडब्यांत हमाल-सेवक म्हणून गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना घेतले, त्यांना अगदी अपुरे वेतन दिले आणि बाकीचे पोट प्रवाशांच्या बक्षिशीवर सोडून दिले. त्यांची संघटना उभी राहायला १९२५ साल उजाडले आणि कंपनीशी पहिला करार व्हायला १९३७. आजही त्या देशाच्या केंद्रीय कायद्यात टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून द्यायची किमान रक्कम ताशी २.१३ डॉलर आहे आणि १९९१ पासून ती हललेली नाही. बाकीची किमान वेतनापर्यंतची भर टिपमधून पडते, असे धरले जाते. घरपोच जेवण देणाऱ्या तिथल्या एका मोठ्या कंपनीने तर ग्राहकांची टिप ठरलेल्या मोबदल्यातच मोजल्याचे २०१९ मध्ये उघड झाले आणि टीका झाल्यावर तिला ती पद्धत बदलावी लागली. ही उदाहरणे समोर असताना ‘‘टिप देऊ नका’’ म्हणणाऱ्याला मी कोत्या मनाचा म्हणणार नाही.

तरीही त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. बक्षीस नाकारल्यामुळे मजुरी वाढली, असे कोठे घडले आहे? मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास मला येथे अधिक उपयोगी वाटतो. पहिल्या महायुद्धात नफा वाढला, तेव्हा १९१७ साली गिरणीमालकांनी कामगारांना युद्धबोनस दिला. देताना ती त्यांची मर्जी होती. १९२३ चा बोनस नाकारला गेला आणि १९२४ च्या आरंभी दीड लाखाच्या वर कामगार संपावर गेले. त्यावर नेमलेल्या समितीने सांगितले की बोनसवर कामगारांचा कोणताही हक्क पोहोचत नाही. संप मोडला, पण मागणी मोडली नाही. एकेचाळीस वर्षांनी, १९६५ मध्ये, संसदेने बोनसचा कायदा केला आणि आज किमान ८.३३ टक्के बोनस ही हक्काची गोष्ट आहे. कामगारांनी १९१७ मध्ये ती रक्कम स्वाभिमानाने नाकारायला हवी होती, असे आज कोणी म्हणेल का? पुलमनचे सेवक आणि मुंबईचे गिरणी कामगार या दोघांनाही वरचे पैसे मिळाले होते. फरक पडला तो संघटनेने आणि कायद्याने. पुलमनच्या उदाहरणातून मी घेतो तो धडा एवढाच, की टिप इतकी मोठी होऊ नये की मजुरीचा हिशेब तिच्यावर उभा राहील. म्हणून मी ‘लहानशी’ असे मुद्दाम म्हटले.

हे सारे पुस्तकातून शिकण्याची आपल्या भागाला गरज नाही, कारण निपाणी आपल्या जिल्ह्यात आहे. माझी आत्या निपाणीत विड्या वळत असे. पाने, तंबाखू आणि दोरा कारखान्यातून यायचा. सूप मांडीवर घेऊन ती दिवसभर वळायची आणि संध्याकाळी हजारांच्या हिशेबाने विड्या परत द्यायची. ती कारखान्यात जात नव्हती, म्हणून ती कामगार नाही, असे पूर्वी सांगितले जाई. ‘हे आमचे कामगार नव्हेत, भागीदार आहेत’ हे आजच्या ॲपचे वाक्य त्याच घराण्यातले आहे. मोजताना ‘छाट’ म्हणून काही विड्या बाजूला काढल्या जात आणि त्यांचे पैसे मिळत नसत. ग्राहकाने रागाच्या भरात एक तारा दिला की आज ज्याच्या वाट्याला ऑर्डरी कमी येण्याची भीती असते, त्याला आत्याची छाट लगेच समजेल. दिवाळीला कारखान्याकडून मिठाईचा पुडा यायचा. आत्या तो आनंदाने घ्यायची, आम्हा मुलांना वाटायची आणि दुसऱ्या दिवशी छाटीवरून मोजणाऱ्याशी भांडायला पुन्हा उभी राहायची. मिठाईने तिचे तोंड गोड झाले, बंद झाले नाही. बक्षीस घेतले की माणूस हक्क विसरतो, असे म्हणणाऱ्यांनी कष्टकरी माणसाला फार कमी ओळखले आहे.

विडी कामगारांसाठी १९६६ मध्ये कायदा झाला, त्यात घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांनाही कामगार मानले गेले आणि १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. १९७६ मध्ये विड्यांवर कल्याण उपकर बसला. त्यातून दवाखाने चालले, घरांना मदत झाली, मुलांना शिष्यवृत्ती मिळाली; माझ्या आतेबहिणीच्या वह्या-पुस्तकांचे पैसे तेथूनच आले. पुढे २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. हे सगळे येथे सांगण्याचे कारण असे, की कर्नाटकाने २०२५ मध्ये ॲपवरच्या कामगारांसाठी जो कायदा केला, त्याची रचना याच जातकुळीची आहे. प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या मोबदल्याच्या १ ते ५ टक्क्यांच्या मर्यादेत कल्याण शुल्क कंपनीकडून घ्यायचे, त्यासाठी मंडळ नेमायचे, कामगारांची नोंदणी करायची, आणि कामावरून काढताना लेखी कारण देऊन चौदा दिवस आधी कळवायचे, अशा त्यात तरतुदी आहेत. राजस्थानने असा कायदा २०२३ मध्येच केला होता. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिताही नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. ज्यांना ‘कंपनीने द्यावे’ असे खरोखर वाटते, त्यांच्यासाठी रस्ता उघडा आहे. दाराशी आलेल्या माणसाला विचारावे, ‘‘तुमची मंडळाकडे नोंदणी झाली का?’’ झाली नसेल तर अर्ज भरायला मदत करावी. हे शुल्क बसल्यामुळे बिलात दोन रुपये वाढले, तर तक्रार करू नये. टिपही द्यायची नाही आणि या कायद्याचे नावही माहीत करून घ्यायचे नाही, अशी तत्त्वनिष्ठा त्या माणसाच्या कोणत्या उपयोगाची?

दुसरा आक्षेप प्रतिष्ठेचा आहे आणि मराठी समाजाने तो विशेष गांभीर्याने घ्यायला हवा. बलुतेदारीत खळ्यावरचे धान्य हा हक्क होता, पण तो हात पसरून घ्यावा लागे, आणि किती सूप पदरात पडेल हे देणाऱ्याच्या मर्जीवर असे. हक्क आणि भीक यांच्यातली रेघ पुसून टाकणारी ही व्यवस्था किती अपमानाची होती, हे डॉ. आंबेडकरांनी ओळखले. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी वतनदार महारांसाठी जे विधेयक मांडले, त्यात बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत व्हावे, ही मागणी होती. आपला भाग १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेल्यामुळे येथली ग्रामवतने १९६१ च्या तिथल्या कायद्याने संपली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी खळ्यावर ताटकळत दिवस काढले, त्यांच्या नातवाला आपण दारात उभे करून पाकिटातली नोट शोधत राहिलो, तर त्याला काय आठवेल? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. त्याचे उत्तर देण्याच्या रीतीत शोधावे लागते. नोट आधी काढून ठेवावी, पार्सल घेतानाच द्यावी, ‘‘असू द्या, चहा घ्या’’ एवढे म्हणावे आणि दार लावण्याआधी त्याच्या तोंडाकडे पाहावे. कौतुकाच्या किंवा कृतज्ञतेच्या दोन शब्दांची अपेक्षा ठेवून रेंगाळू नये. ‘ए’ म्हणून हाक मारू नये. सुरुवातीला मी ‘मुले’ असे लिहिले, तो बैठकीतला शब्द होता. प्रत्यक्षात माझ्याकडे येणाऱ्यांत चाळिशी ओलांडलेले, यंत्रमाग बंद पडल्यावर या कामाकडे वळलेले वडगावचे एक गृहस्थ आहेत आणि एक बाईही आहेत. त्यांना ‘बॉय’ म्हणणे मला जमत नाही.

आता जे आपल्याच भागात घडते आणि जे लिहायला कोणी पुढे येत नाही, त्याविषयी. टिप द्यायची की नाही हे भाषेवरून ठरवणारे लोक आपल्यात आहेत. ‘‘मराठीत बोलला, दिले वीस रुपये’’ असे मी अभिमानाने सांगितले जाताना ऐकले आहे आणि कन्नड वस्तीच्या महांतेश नगरात याच्या नेमके उलटही कोणी म्हणत असेल. सीमाभागातील मराठी माणसाच्या भाषिक हक्कांविषयी मला तळमळ आहे. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून निकालाची वाट पाहतो आहे, हेही मी विसरलेलो नाही. मराठीतून कागदपत्रे मिळण्याची मागणी सरकारी कार्यालयाच्या खिडकीशी करायची असते आणि ती मी केलेली आहे. पण रामदुर्गहून पोटासाठी आलेल्या एका दुचाकीस्वाराकडून त्या भांडणाची वसुली वीस रुपयांच्या दराने करणे, हे मराठीच्या कोणत्या सेवेत बसते? ज्या आजीने आयुष्यभर शहापूरच्या बाजारात मराठीत भाव विचारून कन्नडमध्ये उत्तर ऐकले आणि काहीच अडले नाही, तिला हा प्रश्न पडलाच नसता. उन्हाळ्यात दाराशी आलेल्याला ‘‘तम्मा, नीरु बेका?’’ (बाळा, पाणी हवे का?) असे कन्नडमध्ये विचारताना तिची मराठी कमी झाली नाही.

टिप आधी द्यावी की नंतर, हा प्रश्न किरकोळ वाटेल, पण माझ्या दृष्टीने सगळा शिष्टाचार त्यावर टिकून आहे. मे २०२५ मध्ये टॅक्सी येण्यापूर्वीच ‘आगाऊ टिप’ मागण्याच्या पद्धतीवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने उबरला नोटीस दिली. ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी, म्हणजे आपल्या शेजारच्या धारवाडचे खासदार, यांनी ही पद्धत अनुचित असल्याचे जाहीरपणे म्हटले. टिप ही सेवेनंतरची कौतुकाची खूण आहे, ही त्यांची भूमिका मला योग्य वाटते. आगाऊ टिप ही बोली असते. ज्याने जास्त लावले त्याची ऑर्डर आधी, आणि ज्या म्हातारीला वीस रुपये जमले नाहीत तिचे औषध मागे. शिवाय जो माणूस अजून निघालेलाही नाही, त्याला पैसे दाखवून घाईला लावणे हे ओल्या रस्त्यावर धोक्याचेही आहे. हॉटेलांनी बिलात आपोआप सेवा शुल्क लावू नये, असे याच प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले, त्यामागेही देणे स्वेच्छेचे राहावे, हाच विचार आहे.

‘‘यांनाच का?’’ हा प्रश्नही योग्य आहे. घंटागाडीवर येणाऱ्या पौरकार्मिकाला, म्हणजे सफाई कामगाराला, आपण काय देतो? पोस्टमनला पूर्वी दिवाळीची पोस्त मिळे, ती रीत बहुतेक घरांतून गेली. गॅस सिलिंडरच्या दरात घरपोच आणण्याचे शुल्क धरलेलेच असते, तरी वर पैसे मागितले जाण्याचा अनुभव अनेकांना आहे; मागून घेतलेली ती रक्कम आणि आपखुशीने दिलेली टिप या वेगळ्या गोष्टी आहेत, पहिलीला नकार देण्यात काहीच गैर नाही. मात्र आपल्या जिभेला रुचणारे आणणाऱ्यालाच खुशाली द्यायची आणि आपला कचरा नेणाऱ्याला विसरायचे, ही रीत सुधारायला हवी. मी दिवाळीत दोघांनाही देतो. ज्यांना कोणालाच देणे शक्य नाही, त्यांनी ओशाळण्याचे कारण नाही. निवृत्तिवेतनावर घर चालवणाऱ्या एखाद्या बाईंनी औषधाच्या पिशवीसाठी फाटकापाशी आधीच येऊन उभे राहावे, ओटीपी तोंडपाठ असावा, ‘‘सावकाश जा’’ म्हणावे, तर टिप न देताही त्यांचे काहीच देणे उरले नाही, असे मी मानतो.

मी स्वतः जेवणाच्या ऑर्डरीमागे वीस रुपये देतो, जमेल तेव्हा रोख, कारण ते त्याच संध्याकाळी पेट्रोलला उपयोगी पडतात. उशीर झाला तरी देतो, कारण उशीर बहुधा हॉटेलात किंवा रस्त्यावर झालेला असतो. पुलाव सांडला असेल तर तक्रार हॉटेलविषयी करतो आणि आणणाऱ्याचे तारे कापत नाही. ज्या महिन्यात वीस रुपये जड जातात, त्या महिन्यात मी बाहेरून कमी मागवतो आणि मागवलेच तर स्वतः खाली उतरतो.

त्या अपार्टमेंटमध्ये टिपविषयी ठराव झाला नाही आणि तो व्हायलाही नको होता. लिफ्टबंदीची सूचना मात्र मागे घेतली गेली. पुढच्या बैठकीत मी मांडलेल्या दोन गोष्टी मान्य झाल्या. गेटच्या आत पत्र्याखाली एक खुर्ची आणि पाण्याचा माठ ठेवला आहे, आणि कोणती विंग कोठे, कोणत्या मजल्यावर कोणते फ्लॅट, हे दाखवणारा फलक मराठीत आणि कन्नडमध्ये लावला आहे. माठ भरण्याची पाळी आठवड्याला एका घराची असते. या आठवड्यात ती, टिपला सर्वांत जोरदार विरोध करणाऱ्या गृहस्थांची आहे आणि ते सकाळी न चुकता भरतात.